आमच्या घरातले आकडे आमच्या घरी परत आणा

सोलापुरात घरोघरी येऊन कुटुंबाची, आरोग्याची आणि खर्चाची पाहणी करणाऱ्या सर्व प्राध्यापकांना, डॉक्टरांना आणि विद्यार्थ्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी पूर्व भागात आशा स्वयंसेविका आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना मी चेहऱ्यानं ओळखते, कारण गल्लीत शिरायच्या आधी तुमचा फोन मलाच येतो. "ताई, विडी कामगार बायकांची वीस घरं पाहिजेत. दोन दिवसांत होतील ना?" मी हो म्हणते. दार मी वाजवते. "कॉलेजची पोरं आहेत, आपलीच आहेत, सांग त्यांना सगळं," एवढं मी म्हटलं की बाई मांडीवरचं सूप खाली ठेवते, हाताला लागलेला तंबाखू झटकते आणि तास-दीड तास तुमच्या प्रश्नांना उत्तरं देत बसते. तासाभरात तिच्या शंभरएक विड्या झाल्या असत्या. दुसऱ्या दिवशी विडी कारखान्याच्या ब्रँचला माल द्यायचा असतो, म्हणून त्या विड्या ती रात्री जागून वळते. हे तुमच्या फॉर्ममध्ये कुठं येत नाही, म्हणून आधी सांगितलं.

पत्र लिहायचं कारण एक मावशी आहेत. माझ्या घरापासून चौथं घर. त्यांचं नाव मी लिहिणार नाही.

चार वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाचा गट आला होता. वजन, उंची, कमरेचा घेर, रक्तदाब, शिवाय खाण्यापिण्याचे आणि खर्चाचे चाळीसेक प्रश्न. मावशींच्या घरी मीच नेलं. नळाला पाणी यायचा दिवस होता. खालच्या नळावरून भरलेली घागर त्यांनी दारात उतरवली आणि तशाच धापा टाकत खुर्चीवर बसल्या. मुलीनं पट्टा बांधला, आकडा लिहिला, दुसऱ्यांदा मोजला नाही, आणि पुढचा प्रश्न विचारला. मावशींनी विचारलं, "किती आलं गं?" मुलगी म्हणाली, "रिपोर्ट येईल मावशी." मी दारातच उभी होते. मीही विचारलं नाही.

सात महिन्यांनी मावशींची उजवी बाजू गेली. आता त्या डाव्या हातानं विडीची पानं निवडतात, विडी वळता येत नाही. दवाखान्यातून घरी आणल्यावर मला तो पट्टा आठवला. मी त्या मुलीचा नंबर शोधून फोन लावला. तिनं लॅपटॉपमध्ये बघून सांगितलं: १८० वर ११२. सांगताना तिला रडू आलं. तिच्यावर माझा राग नाही. तिला आकडा लिहायला शिकवलेलं होतं, असा आकडा दिसल्यावर त्याच क्षणी काय करायचं हे कुणी सांगितलेलं नव्हतं. तो आकडा मला त्या संध्याकाळी कळला असता तर दुसऱ्या दिवशी सकाळी मी मावशींना हाताला धरून नागरी आरोग्य केंद्रात नेलं असतं. पुढचं टळलं असतं की नाही, मी डॉक्टर नाही. पण सात महिने गोळी तरी पोटात गेली असती.

मावशी अजून मला विचारतात, "त्या पोरांचा कागद आला का गं?" बोलणं थोडं जड झालंय, पण हा प्रश्न नीट समजतो.

माझं म्हणणं एवढंच आहे: आमच्या घरात जे मोजलं, ते आधी आमच्या घरात सांगा. प्रबंध, पेपर, परिषद सगळं नंतर.

हे अवघड आहे असं मला सांगू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी एवढ्या मोठ्या देशात लाखो घरांत होते. तिच्या २०१९-२१ च्या फेरीत हिमोग्लोबिन, साखर, रक्तदाब मोजला की आकडा तिथल्या तिथं त्या माणसाला द्यायचे आणि जास्त गडबड असेल तर दवाखान्यात जायला सांगायचे. त्याच फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांत, ५४ टक्क्यांत, रक्त कमी आढळलं. हा आकडा आम्हाला बैठकीत सांगतात, तेव्हा मी मान हलवते. पण माझ्या गल्लीतल्या बाईला तो टक्का उपयोगाचा नाही. तिला तिचं स्वतःचं हिमोग्लोबिन ९ आहे की १२, हे कळायला पाहिजे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं तुमच्यापैकी प्रत्येकानं वाचलेली असतील, कारण त्याशिवाय नैतिकता समितीची परवानगी मिळत नाही. संमतीचा कागद समोरच्याला कळेल अशा भाषेत असावा, संशोधनाचा फायदा ज्यांच्यावर ते झालं त्यांच्यापर्यंत पोचावा, निष्कर्ष लोकांसमोर यावेत, हे त्यात आहे. संमतीच्या कागदावर आमच्या बायकांच्या सह्या आणि अंगठे आहेत. त्या कागदाची प्रत मात्र मी आजवर एकाही घरात पाहिलेली नाही.

आणि दुसरं एक सांगते, ते तुम्हाला कदाचित लागेल. आमच्या गल्लीत आठवड्याला फायनान्सवाले हप्ता वसूल करायला येतात. त्यांच्याबद्दल माझं मत चांगलं नाही. पण रिझर्व्ह बँकेच्या नियमानं त्यांना कर्जाचं कार्ड द्यावं लागतं आणि त्यावरच्या नोंदी कर्जदाराला कळेल अशा भाषेत लिहाव्या लागतात. ते कार्ड घराघरात देवाच्या फोटोमागं खोचलेलं सापडतं. पैसे वसूल करणारा माणूस आमच्या घरात आमच्या भाषेतला कागद सोडून जातो आणि ज्ञान गोळा करणारा माणूस काहीच सोडत नाही, हे मला पटत नाही.

सोलापूरला मोजमाप नवीन नाही. गिरण्या जोरात होत्या तेव्हा, १९२० च्या दशकात, मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसनं इथल्या गिरणी कामगारांच्या कुटुंबाचा खर्च घरोघरी जाऊन लिहून घेतला होता. पुढं पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी या शहराचा सामाजिक-आर्थिक अभ्यास केला, तो १९६५ साली पुस्तकरूपानं आला. आजही औद्योगिक कामगारांचा महागाईचा निर्देशांक काढताना देशातल्या ज्या ८८ केंद्रांतून भाव घेतात, त्यात सोलापूर आहे. म्हणजे आमच्या मंडईतल्या कांद्याचा आणि तुरीच्या डाळीचा भाव देशाच्या हिशोबात जातो, आणि त्या हिशोबावर सरकारी नोकरांचा महागाई भत्ता ठरतो. शंभर वर्षं हे शहर आपल्या चुलीवरचं सांगत आलंय. एवढा हिशोब दिल्यावर थोडा आपल्याला परत मिळावा असं वाटणं चूक नाही.

आता तुमच्या प्रश्नांबद्दल. परत आणायचे आकडे आधी खरे असले पाहिजेत, आणि ते नेहमी खरे नसतात, हे मी दारात उभी राहून पाहिलंय.

"महिन्याचं उत्पन्न किती?" विडी वळणाऱ्या बाईला महिना माहीत नसतो. तिला हजार माहीत असतो. हजार विड्यांची मजुरी, त्यातून छाट, म्हणजे खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या, किती गेली, आठवड्यात विडीचं पान किती दिवस मिळालं, यावर तिचं घर चालतं. कधी पान खराब येतं, भिजवलं की फाटतं, मग हजार भरतच नाहीत आणि कमी पडलेलं पान बाजारातून विकत घ्यावं लागतं. तुम्ही महिना विचारला की ती तुमच्या तोंडाकडं बघते, मग माझ्याकडं बघते आणि तुम्हाला बरं वाटेल तो आकडा सांगते. हजार विचारा, आठवडा विचारा, छाट विचारा. गुणाकार तुम्ही करा.

सरकारच्या घरगुती खर्चाच्या पाहणीत, २०२२-२३ मध्ये, एकाच घरी तीन महिन्यांत तीनदा जायचे. भाजी, फळं यांचा हिशोब सात दिवसांचा, कपड्यालत्त्यांचा वर्षाचा. कारण माणसाची आठवण तशीच चालते. गेल्या आठवड्यातली मेथीची जुडी आठवते, पण दिवाळीच्या साडीची किंमत वर्षभर विसरत नाही. तुम्ही एकाच दुपारी सगळं उरकता.

"काल काय काय खाल्लं?" हा प्रश्न चांगला आहे, फक्त काल कोणता वार होता ते बघा. आमच्याकडं उजनी धरणाचं पाणी शंभराहून जास्त किलोमीटर पाइपातून येतं आणि नळाला रोज येत नाही, चार-पाच दिवसांआड येतं. ज्या दिवशी पाणी, त्या दिवशी घर वेगळं असतं. पहाटे येवो नाहीतर रात्री दीडला, बाई उठून पिंप, बॅरल, घागरी, पातेली, पोरांच्या पाण्याच्या बाटल्यासुद्धा भरून घेते. त्या दिवशी चूल उशिरा पेटते. कडक भाकरी मोडायची, शेंगाचटणी घ्यायची, वर तेल किंवा दही असेल तर दही. बाई स्वतः बऱ्याचदा दुपारी तीनला पहिला घास खाते. पाण्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत तर तुमच्या तक्त्यात येईल की सोलापूरची बाई भाजी खातच नाही. दोन दिवसांनी विचारलंत तर वेगळंच येईल. पाण्याचा वार फॉर्मवर लिहायला एक रकाना करा. माझ्या मते सोलापुरातल्या कुठल्याही पाहणीत वयाच्या खालोखाल महत्त्वाचा रकाना तोच आहे.

आणि रक्तदाब मोजायचा असेल तर घागर उतरवलेल्या बाईला आधी पाच मिनिटं टेकून बसू द्या. हात छातीच्या उंचीला टेकवा. दोनदा मोजा. हे तुम्हाला शिकवणारी मी कोण, पण मावशींचा आकडा त्या दिवशी किती खरा होता हेसुद्धा आता कुणी सांगू शकत नाही, याचं मला वाईट वाटतं.

भाषेचं एक सांगायचं राहिलं. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत म्हाताऱ्या बायका तेलुगूच बोलतात. दुकानापुरतं मराठी येतं, शरीराबद्दल बोलायचं असेल तर तेलुगू लागतं. एका घरी तुमच्यातल्या एका मुलानं अम्मांना पाळीबद्दल, अंगावरून जाण्याबद्दल विचारलं, आणि ते तेलुगूत सांगायला त्यांच्या पाचवीतल्या नातवाला पुढं केलं. मुलगा चांगला होता, त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. नातवानं काय विचारलं देव जाणे. अम्मा म्हणाल्या, "काही त्रास नाही." त्याच अम्मा मला सहा महिन्यांपासून सांगत होत्या की फार जातंय म्हणून. तुमच्या फॉर्मवर "त्रास नाही" असं पक्क्या शाईत लिहिलेलं आहे. तेलुगू जाणणाऱ्या, कानडी जाणणाऱ्या मुली तुमच्याच वर्गात आहेत. त्यांना बरोबर घ्या, आणि असे प्रश्न बाईला बाईनंच एकटीत विचारावेत.

आम्हाला स्वतःला काय जाणून घ्यायचंय ते आजवर कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी पहिल्यांदा पाळण्याचं सांगितलं असतं. एका खोलीच्या घरात एका कोपऱ्यात तंबाखूची पिशवी, मधे सूप, आणि छताला पाळणा. बाई हातानं विडी वळते, पायाच्या अंगठ्याला बांधलेल्या दोरीनं पाळणा हलवते. तंबाखूची धूळ उडते तेव्हा ती आईच्या नाकात जाते तशी लेकराच्याही जाते. तिला खोकला येतो, डोळे चुरचुरतात, कंबर धरते, हे तुमच्या सगळ्या अभ्यासांत असतं. लेकराचं काय होतं? पाळणा कुठं बांधला तर धूळ कमी लागेल? खिडकी कुठल्या बाजूला पाहिजे? सूप दारात नेऊन बसलं तर फरक पडतो का? हे मोजता येण्यासारखं आहे, तुमच्याकडं यंत्रं आहेत. आणि उत्तर मिळालं तर त्याच दुपारी वापरता येईल असं आहे.

त्याच पाळण्यावरून आणखी एक. देशाच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि ते काम करणारे पुरुष ८८, असं आलंय. मी हा आकडा आमच्या बायकांना सांगितला तेव्हा एकीनं विचारलं, पाळणा हलवत विडी वळली तर ती मिनिटं कशात धरायची? मला सांगता आलं नाही. तुम्हाला येत असेल तर तिला येऊन सांगा.

खाण्याचं मला सगळ्यात जास्त लागतं. साखर निघाली की डॉक्टर सांगतात, भात कमी करा, ज्वारी खा. सल्ला बरोबर आहे, आणि मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी आपल्याच जिल्ह्यात पिकते. पण रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळतं त्यात तांदूळ आणि गहू असतो. ज्वारी पैसे मोजून आणायची, वर दळणाचे पैसे. शिवाय तेलुगू घरात भाकरी थापता न येणाऱ्या सुना आहेत, त्या कडक भाकरी विकत आणतात. तर पाच माणसांच्या घरात एका माणसाचा भात बंद करून भाकरी चालू केली, तर महिन्याला किती पैसे जास्त लागतात? एवढा साधा हिशोब कुणी करून द्यावा. सल्ल्याची किंमत कळली तर बाई ठरवू शकते की कुठून वाचवायचं. नाहीतर ती डॉक्टरसमोर हो म्हणते आणि घरी येऊन भातच लावते, आणि आपण म्हणतो की या बायका ऐकत नाहीत.

मिठाचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे एक सपाट छोटा चमचा, सगळं मिळून. आमच्या घरात शेंगाचटणी आहे, पापड आहे, लोणचं आहे, आणि आमटीत मीठ आहेच. आमच्या दोन चमचे चटणीत मीठ किती असतं हे प्रयोगशाळेत बघून मराठीत आणि तेलुगूत लिहून द्या. चटणी सोडा म्हणू नका, कुणी सोडणार नाही, मीही नाही. किती खायची ते सांगा.

पाच रुपयांच्या पुड्यांचं मात्र मला भय वाटतं. दुपारी आई ब्रँचला गेली की पोरांच्या हातात पाच रुपये असतात आणि कोपऱ्यावरच्या दुकानात माळेसारख्या लटकवलेल्या कुरकुऱ्यांच्या, वेफर्सच्या पुड्या. काही घरांत ते दुपारचं जेवणच झालंय. पुडीवर कायद्यानं सगळं लिहिलेलं असतं, चरबी किती, सोडियम किती. पण सक्ती इंग्रजी किंवा हिंदीची आहे, मराठीची नाही, आणि अक्षर एवढं बारीक की चष्मा लावूनही मला दिसत नाही. सातवी शिकलेल्या आईनं "सोडियम" वाचून काय समजायचं? आमच्या गल्लीतल्या पन्नास आयांपुढं अशी पुडी ठेवून बघा की त्यातल्या किती जणींना त्यावरून काही कळतं. ग्राहक जागृतीची भाषणं दरवर्षी २४ डिसेंबरला होतात. १९१५ हा हेल्पलाइनचा नंबर मी स्वतः भिंतीवर चिकटवलाय. पण न वाचता येणाऱ्या गोष्टीबद्दल माणूस तक्रार तरी काय करणार?

साठवलेल्या पाण्याचं थोडक्यात लिहिते. डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो, अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याला एक कोरडा दिवस पाळा, भांडी रिकामी करून वाळवा, असं आम्हीच सांगत फिरतो. पण पाणी पाच दिवसांआड येत असेल तर बाई बॅरल उलटं करायला धजत नाही, कारण ठरलेल्या दिवशी पाणी येईलच याचा भरवसा नसतो. कोरड्या दिवसाऐवजी इथं काय चालेल, कापड बांधणं की झाकण की आणखी काही, हे आमच्या बॅरलवर करून बघा.

एवढं सगळं लिहून मी तुम्हाला येऊ नका म्हणत नाही. या. तुम्ही आला नाहीत तर आमचं कुणाला कळणारही नाही. फक्त येताना फॉर्मच्या तळाशी फाडून देता येईल अशी एक पट्टी छापून आणा. त्यावर नाव, तारीख, रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर, जे मोजलं ते, आणि शेजारी किती असायला पाहिजे ते. मराठीत एका बाजूला, तेलुगूत दुसऱ्या बाजूला, ठळक अक्षरात. रक्तदाब १४० वर ९० च्या पुढं आला की लाल पेनानं गोल करा आणि त्याच संध्याकाळी बाईला विचारून मला फोन करा. १८० च्या घरात आला तर फोनची वाट बघू नका, तिथूनच रिक्षा करून न्या. सहा महिन्यांनी अभ्यास पूर्ण झाला की एकदा परत या, अर्ध्या तासासाठी. समाजमंदिराची किल्ली माझ्याकडं मिळते. बायका मी जमवते. तुम्हाला काय सापडलं ते सांगा, आणि त्या जे म्हणतील ते लिहून घ्या, कारण तुमच्या तक्त्यात काही चुकलं असेल तर त्या लगेच सांगतील.

वेळेचं म्हणाल तर ब्रँचला माल देऊन बायका परत येतात, जेवतात, त्यानंतर दुपारी तीन ते साडेचार बरं. पाण्याचा दिवस टाळा. कोणत्या गल्लीला कधी पाणी आहे ते मला विचारा.

पहिलं घर मावशींचं घेऊ. त्यांचा रक्तदाब आता गोळीवर आहे, पण त्यांना एकदा तो त्यांच्या हातात लिहून द्यायचा आहे.

आपली,
एक आशा स्वयंसेविका
पूर्व भाग, सोलापूर